सुनेचा वाटा

नेपाळातून परत आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयाने माझा सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला, आणि 'विद्यादानासाठी सीमोल्लंघन करणारे आमचे गुरुजी' असे अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. सीमोल्लंघन म्हणावे असे मी काही केले नव्हते. गोरखपूरहून बसने सोनौलीला उतरलो, पिशवी खांद्याला अडकवली, एका कमानीखालून चालत पलीकडे गेलो, की परदेश. पासपोर्ट माझ्याजवळ तेव्हा नव्हता, आजही नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या देशात राहण्याची आणि कामधंदा करण्याची मोकळीक आहे. ओळखीपुरते मतदार-ओळखपत्र जवळ असले की भागते. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करावे लागले.

सत्काराला उत्तर देताना मी आभाराचे चार शब्द बोललो आणि खाली बसलो. जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही. अंगावर शाल असताना ते सांगवत नव्हते. या गोष्टीला आता काही वर्षे झाली. शाल कपाटात आहे, आणि न सांगितलेले अजून जिथल्या तिथे आहे. दिवाळी अंक माणसे फराळाची बशी शेजारी ठेवून वाचतात हे मला ठाऊक आहे. तरी ही हकीकत दिवाळीतलीच आहे आणि एका बहिणीची आहे, म्हणून ती इथेच सांगतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवणारा माणूस. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांनी पोट भरत नाही, डोके मात्र भरते. चाळिशी उलटली की आपण काहीतरी निःस्वार्थ करावे असे माणसाला वाटू लागते. त्या वाटण्यात स्वार्थ किती असतो हे त्या वेळी कळत नाही. माझा एक डोंगरवेडा मित्र अन्नपूर्णेची फेरी करून आला होता. लमजुंग जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्याने मुक्काम केला होता, आणि तिथल्या शाळेला शिक्षक हवेत असे तो ऐकून आला होता. मी पत्र धाडले, तिकडून 'अवश्य यावे' असे उत्तर आले. इकडे तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली, ती संस्थेने फार आढेवेढे न घेता दिली. (बिनपगारी रजा द्यायला कोणतीच संस्था फार आढेवेढे घेत नाही.) २०१८ च्या ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे त्यांच्या विक्रम संवत २०७५ च्या भाद्रपदारंभी, मी मर्स्यांदी नदीच्या काठाकाठाने बेसीशहरला पोचलो आणि तिथून दोन तास चढून त्या गावी. पाऊस पडत होता. पायांना जळवा लागल्या होत्या. हिमालय कुठे आहे असे मी विचारले तेव्हा मुलांनी ढगाकडे बोट दाखवले.

शाळा नवी होती. म्हणजे पडून पुन्हा उभी राहिलेली. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शेजारच्या गोरखा जिल्ह्यातून उठला. नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे त्यात गेली, आणि शाळांच्या खोल्या तर हजारोंनी कोसळल्या. तो दिवस शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. वर्ग रिकामे होते म्हणून कितीतरी मुले वाचली. त्या गावात 'शनिवार' हा शब्द लोक जरा हळू आवाजात उच्चारतात असा मला भास होई.

माझी राहण्याची सोय एका गुरुंग कुटुंबात केली होती. घरात बा होते; हिंदुस्थानच्या गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले, पोखऱ्याला जाऊन पेन्शन आणणारे. अशा फौजींना तिकडे 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंहाच्या काळी डोंगरातली पोरे लाहोरला जाऊन सैन्यात भरती होत, त्यावरून हा शब्द आला. आमा होत्या. सात वर्षांचा नातू होता. मुलगा कतारमध्ये, दोह्याला, इमारतींच्या परांच्या बांधण्याच्या कामावर होता. आणि सून होती.

त्या सुनेला मी पहिल्याच दिवशी आपल्या पद्धतीने 'वहिनी' म्हणालो. ती थबकली, मग हसली, आणि 'हुन्छ दाइ' म्हणाली. मला वाटले, बरे झाले, नाते जमले. नाते जमलेच होते, पण वेगळे. नेपाळीत 'व'चा उच्चार बऱ्याच ठिकाणी 'ब' होतो, आणि 'बहिनी' म्हणजे धाकटी बहीण. मी भावाची बायको म्हणून हाक मारली होती, तिने बहीण म्हणून ओ दिली. तेव्हापासून मी दाइ, ती बहिनी, आणि तिचा मुलगा शाळेत मला 'सर' आणि घरी 'मामा' म्हणू लागला. भाषेच्या चुकीतून एवढा मोठा लाभ मला दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाने दिलेला नाही.

लिपीची मात्र मौज होती. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला सगळे वाचता येई आणि अर्थ निम्माच कळे. मुलांना याचे फार हसू यायचे. त्यांच्याकडे 'ळ' नाही. मी फळ्यावर 'नेपाळ' लिहिले, तर तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, सर, आमच्या देशाचे नाव तुम्ही चुकीचे लिहिले. मी तिला 'ळ' म्हणून दाखवला. पंधरा दिवस वर्गात 'ळ' घुमत होता.

मला दुसरी आणि तिसरी दिली होती, आणि चौथी-पाचवीचे गणित. वर्गाच्या भिंतींवर पाढ्यांचे, फळांचे, नदी-डोंगरांचे तक्ते होते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रंगीत खडूने काढलेले, कडेला पानाफुलांची वेल. छापील तक्त्यांना ती सर येणार नाही. बाराच्या पाढ्याशेजारी बारा कोंबडीची पिल्ले होती, आणि बारावे रांग सोडून पळत होते. एका रात्री जेवताना मी त्या तक्त्यांची तोंडभर स्तुती केली, आणि हे कोणी काढले असे विचारले. बहिनी चुलीपाशी होती. "एका मिसने," ती म्हणाली. बा ताटाकडे बघत राहिले. मला त्यात काही वावगे दिसले नाही. ज्याला दुसऱ्यांना शिकवण्याची हौस असते त्याला पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत.

महिना उलटल्यावर मागच्या परीक्षेचे गुण पाहायला मी कचेरीत जुन्या वह्या मागितल्या. शिपायाने त्यांच्याबरोबर शिक्षकांचे हजेरीपुस्तकही आणून ठेवले. रोज सही मी त्यातच करीत होतो. त्या दिवशी सहज मागचे पान उलटले. श्रावणाच्या पानावर, सगळ्यांत खालच्या ओळीत, माझ्या बहिनीचे नाव होते आणि महिनाअखेरपर्यंत तिच्या सह्या होत्या. भाद्रपदाच्या पानावर त्याच ओळीत माझे नाव होते.

नेपाळच्या सरकारी शाळांत सरकारने मंजूर केलेल्या जागा पुरत नाहीत, तेव्हा शाळा आपल्या जोरावर काही शिक्षक ठेवतात. पालकांची वर्गणी, कुठे गावच्या रानाचे उत्पन्न, कुठे एखाद्याची देणगी यांतून त्यांचा पगार निघतो. 'निजी स्रोत'चे शिक्षक असे त्यांना म्हणतात. त्यांना कायम नोकरी नाही, पेन्शन नाही. बहिनी तशी शिक्षिका होती. पगार महिना आठ हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले पाच हजार. मी फुकट येणार असे पत्र गेल्यावर समितीची बैठक झाली, आणि तीन महिने तिचा पगार वाचवून दोन खोल्यांच्या छपराचे पत्रे घ्यावेत असे ठरले. तिला काढले नव्हते. 'विश्रांती' दिली होती. समितीत बा होते. हात त्यांनीही वर केला होता.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि खिडकीतून छपराकडे बोट दाखवले. पत्रे खरेच आले होते, नवे कोरे, पावसात वाजत होते. "सर, आम्ही कोणावर अन्याय केला?" त्यांनी विचारले. "मुलांना छप्पर मिळाले, तुमच्यासारखा माणूस मिळाला, ती पुढे पुन्हा कामावर येईलच." मला उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचलेले नाही.

मला सगळ्यांत जास्त बोचले ते वेगळेच. माझ्या आधीच्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी एक निवृत्त अधिकारी इंग्रजी शिकवायला येऊ लागले. मानधन नको, चहासुद्धा घरून पिऊन येत. संस्थाचालक त्यांच्यावर प्रसन्न. आणि त्याच जूनमध्ये आमच्या एका बाईंना 'पुढच्या वर्षी बघू' असे सांगण्यात आले. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सर्वांत मोठ्याने बोललो तो मी. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी दुसऱ्याच्या भाकरीवर पुण्य करू नये, असे काहीतरी मी म्हणालो होतो. हजार मैल चालून, नदी ओलांडून, डोंगर चढून मी तोच निवृत्त अधिकारी झालो होतो. वाईट एवढेच की त्या गृहस्थांना निदान त्या बाईंच्या हातचे जेवायला लागत नव्हते.

घरी परतल्यावर स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा बहुतेकांनी माझी समजूत काढली. एक शास्त्री स्नेही म्हणाले, "तुम्ही निष्काम बुद्धीने गेलात ना? मग दोष नाही." मला हे पटत नाही. फळाची आशा सोडावी हे मान्य. पण फळ कोणाच्या डोक्यात पडते आहे याची चौकशीही सोडावी, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? आपला हेतू शुद्ध आहे हे कळल्यावर आपण तपास थांबवतो. पैसे घेऊन काम करणारा मनुष्य निदान विचारतो, ही जागा का रिकामी झाली, आधीच्याचे काय झाले. फुकट काम करणाऱ्याला हा प्रश्न विचारावासा वाटत नाही. आपण आलो हीच केवढी मोठी गोष्ट, असे त्याला वाटत असते.

मग फुकट कोणी काही करूच नये काय? तसेही मला म्हणवत नाही. १९५१ साली राणांची सत्ता संपली तेव्हा नेपाळात शंभरांतल्या पाचांनाही लिहितावाचता येत नव्हते. शाळा काढायच्या तर शिक्षक आणायचे कुठून? पुष्कळ शिक्षक हिंदुस्थानातून गेले. १९६२ साली अमेरिकेच्या पीस कोअरची पहिली तुकडी आली. विशीतली मुलेमुली डोंगरातल्या घरांतून राहिली, डाळभात खाल्ला, शिकवू लागली. ती जिथे उभी राहिली तिथे बहुधा आधी कोणी उभे नव्हते. २०११ च्या शिरगणतीत नेपाळची साक्षरता शेकडा ६६ च्या आसपास भरली. म्हणजे मधल्या काळात गावोगावी शिकलेल्या मुली तयार झाल्या, सुना झाल्या, कॅलेंडरांच्या पाठीवर तक्ते काढू लागल्या. १९६२ मध्ये जे रिकाम्या पाटावर बसणे होते, ते २०१८ मध्ये कोणाला तरी उठवून बसणे झाले. देणाऱ्याच्या मनात दोन्ही वेळा तीच माया असेल. फरक मनात नाही, पाटात आहे. आणि पाट बघायला मान खाली घालावी लागते.

इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९६८ मध्ये मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की, बघायला या, शिकायला या, पण आमचे भले करायला येऊ नका. एका मित्राने ते भाषण मला पुढे वाचायला दिले. वाचून मला राग आला. खऱ्या गोष्टीचा येतो तसा. पण त्यातही मला एक कमी वाटली. तो पाहुण्याला बोलतो. यजमानाच्या घरात काय घडते ते सांगत नाही. ते आपल्या व्यासांनी सांगितले आहे.

मुंगसाची गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. धर्मराजाचा अश्वमेध संपला आणि अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस मंडपात येऊन म्हणाले, कुरुक्षेत्रातल्या त्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूची सर या यज्ञाला नाही. दुष्काळ, घरात चार माणसे, वेचून आणलेल्या धान्याचे सातू, चार वाटे. पाहुणा आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, पाहुण्याची भूक गेली नाही. बायकोने दिला, मुलाने दिला, तरी गेली नाही. शेवटी सून पुढे झाली. तिचा वाटा घेताना सासरा अडखळला, पण तिने ऐकले नाही. ही गोष्ट मी वर्गात वीसेक वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी मुलांचे लक्ष त्या चौघांकडे आणि मुंगसाकडे असे. माझेही तेच. पाहुण्याकडे कोणी बघत नाही. तो साक्षात धर्म होता, परीक्षा पाहायला आला होता, शेवटी चौघांना स्वर्ग मिळाला. तेव्हा त्याने चार वाटे खाल्ले ते खपून गेले. पण जो पाहुणा धर्म नाही, नुसता पाहुणा आहे, त्याचे काय?

हजेरीपुस्तक पाहिल्यावर मी घरातही डोळे उघडे ठेवू लागलो. मला रोज दोन्ही वेळा भात मिळत होता, वर डाळ, कधी अंडे. एक दिवस मी पाणी प्यायला पुन्हा स्वयंपाकघरात गेलो तर आमा आणि बहिनी ढिंडो खात होत्या. कोदो म्हणजे आपली नाचणी. तिचे पीठ घाटून ढिंडो करतात, बरोबर आंबवून सुकवलेल्या पाल्याचा, गुंद्रुकाचा, सार. मला ते आवडले असते. कोकणात माझ्या आजीने मला नाचणीवरच वाढवले. पण तिकडच्या डोंगरात भात हे मानाचे अन्न आहे आणि पाहुण्याला कोदो वाढणे कमीपणाचे. जेवणाचे पैसे बांनी पहिल्याच दिवशी नाकारले होते. मी तेल-साखर-साबण आणत असे आणि त्यातच फिटले असे समजत असे. शेरभर सातू तिथेही होते, आणि वाटेही चारच.

चौथा वाटेकरी दोह्यात होता. शुक्रवारी नेपाळात शाळा अर्धी आणि कतारमध्ये सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येई. पडद्यावर एक खोली दिसे. लोखंडी खाटांवर खाटा, दोरीवर वाळत घातलेली पलटणभर माणसांची कापडे. २०२२ च्या फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेसाठी तिथे बांधकामांची घाई चालली होती. नेपाळची सुमारे पाव कमाई ही परदेशी गेलेल्या अशा मुलांनी पाठवलेल्या पैशांची असते. तो मला हिंदीत म्हणाला, "सर, माझ्या मुलाकडे लक्ष असू द्या. तुमचे उपकार आहेत." तो घर सोडून परमुलखात गेला होता मजुरीसाठी, मी घर सोडून परमुलखात गेलो होतो मजुरी न घेण्यासाठी. मी त्याच्या खोलीत झोपत होतो. त्याचा मुलगा माझ्या मांडीवर बसून फोनमध्ये हात हलवत होता. आणि उपकार माझे होते! मला त्या माणसाला सगळे सांगून टाकावेसे वाटले. पण बहिनीने माझ्याकडे असे पाहिले की मी नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो. तिचे वर्ग तिला परत द्यावेत, मी शाळा सुटल्यावर मोठ्या मुलांचे गणित घेईन, आणि तीन महिन्यांचा पगार मी माझ्याजवळचा देतो, असे सांगितले. ती मका सोलत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "दाइ, तुम्ही का द्यायचा? मी तुमच्या शाळेत शिकवते का?" मी गप्प. मग तिने जे सांगितले ते मला अजून झोपेत ऐकू येते. "पैशांचे काय, यायचे ते येतील. पण तुम्ही जाल, मी पुन्हा त्या वर्गात उभी राहीन, आणि मुले म्हणतील की सर चांगले शिकवायचे. माझा मुलगाही म्हणेल. त्याचे तुम्ही काय देणार?"

नवा माणूस, लांबून आलेला, 'ळ' म्हणून दाखवणारा, तीन महिने सगळ्यांशी हसून बोलणारा. मुले त्याच्यावर भाळणारच. वर्षानुवर्षे तोच पाढा घोटून घेणारी, शेंबूड पुसणारी, रागावणारी गावची मिस त्याच्यापुढे फिकी पडणारच. तीन महिने गोड राहणे मुळीच अवघड नाही. मी माझ्या स्वतःच्या शाळेत इतका गोड नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. मी तिचा पगार अडवला होता हे तर खरेच, पण मुलांच्या मनातली तिची जागाही मी रोज थोडी थोडी खात होतो, आणि तीही तारीफ ऐकत.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला वर्गात बोलावू लागलो. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. पगाराचा प्रश्न नव्हता ना! मी मुलांसमोर तिला विचारायचो की बहिनी, हा शब्द कसा म्हणायचा, ही वजाबाकी तुम्ही कशी शिकवता. ती फळ्यापाशी जाई आणि मी मागच्या बाकावर तिच्या मुलाशेजारी बसे. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवीत होती, हे मी विनयाने म्हणत नाही. उसना घ्यायचा दशक ती मक्याच्या कणसावरचे दाणे सोडवून दाखवी. मीही आता तसाच शिकवतो. पण या सगळ्यात झाले काय? एक बिनपगारी शिक्षक होता, तिथे दोन झाले. मी प्रायश्चित्त घ्यायला निघालो आणि तिच्याकडून फुकट काम करवून घेऊ लागलो. चांगुलपणा एकदा चुकीच्या टोकाने धरला की सोडवताना आणखीच गुंता होतो.

दसऱ्याची मोठी सुट्टी झाली, ढग गेले, आणि एका सकाळी दार उघडले तर हिमालय अंगणात येऊन उभा. मग तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या कपाळी टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ. तिसऱ्या दिवशी गाय आणि लक्ष्मी. रात्री मुली दारोदार भैलो गात आल्या. ९ नोव्हेंबरला भाइटीका, आपली भाऊबीज.

बहिनीचा सख्खा भाऊ मलेशियात होता. तिने मला पाटावर बसवले. तेलाची धार माझ्याभोवती फिरवून कडे केले, त्याच्या आत यम येत नाही म्हणतात. उंबऱ्यावर दगडाने अक्रोड फोडला. कपाळावर सात रंगांचा टिळा लावला, न सुकणाऱ्या मखमली फुलांची माळ घातली. मीही तिला टिळा लावला. तिकडे भाऊही बहिणीला लावतो. आणि ओवाळणीचे पाकीट तिच्या हातात दिले. त्यात चोवीस हजार नेपाळी रुपये होते. रोज आठ तास मनात घोळवून मी तो तोडगा काढला होता. पगार म्हणून ती घेणार नव्हती; ओवाळणी नाकारता येत नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

तिने पाकीट उघडले नाही. हाताला त्याची जाडी कळली असावी. कपाळाला लावले, आणि म्हणाली, "दाइ, एवढे मोजून आणले?"

बस. नाही म्हणाली नाही, परतही केले नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा पिशवीत गुंद्रुकाची पुडी, अक्रोड आणि बांची एक टोपी होती. पाकीट नव्हते. सबंध वाटेत, डुमरेपासून थेट सोनौलीपर्यंत, मी एकच प्रश्न घोळवत होतो. मी तिचा पगार दिला, की ओवाळणी? पगार दिला असेल तर तिची भाऊबीज मी बुडवली. ओवाळणी दिली असेल तर पगार अजून देणे आहे. व्यवहार फेडण्यासाठी मी नाते वापरले, आणि ते तिला हाताच्या वजनावरूनच कळले. मी तिथे आणखी काय करायला हवे होते, हे मला पुष्कळांनी सांगितले आहे. पहिल्या पत्रातच 'तुमच्याकडे कोणाची जागा जाणार नाही ना' एवढे विचारले असते तर पुरे होते, असे माझी पत्नी म्हणते. तिचे खरे असावे. पण ते एक वाक्य लिहायला मला सुचले नव्हते, आणि त्याच वर्षी मी साडेतीनशे पानांची कादंबरी लिहिली होती.

पुढच्या फाल्गुनात, २०१९ च्या मार्चमध्ये, मी फोन केला. बहिनी पुन्हा कामावर होती. मुलाला गणितात चांगले गुण होते. दोह्याहून पैसे वेळेवर येत होते. बा पेन्शनीला पोखऱ्याला गेले होते. मग ती म्हणाली, "दाइ, वैशाखात नवे वर्ष सुरू झाले की एक गोरी मुलगी येणार आहे शिकवायला. सहा महिने."

"कुठे राहणार?"

"आमच्याकडेच. तुम्ही होता त्याच खोलीत. बांनी हो म्हटले."

मी काही बोललो नाही.

"या वेळी मी बैठकीला गेले," ती म्हणाली. "मी विचारले, माझा वर्ग कोणाकडे?"

"मग? काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."